मामांची ८८ ची पद्मिनी दारात आलीय, आधी काय करू?

पाचपाखाडीकर (शनिवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी, १९८८ ची, त्यांनी नवीन घेतलेली, मालक एकच. मामा आता ८१ चे आहेत. गाडी गेली सहा वर्षं ठाण्याला नौपाड्यात त्यांच्या बिल्डिंगच्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, म्हणून मामा म्हणाले, "भंगारात घालू की तू नेतोस?" मी नेतो म्हणालो. बायकोला नंतर सांगितलं.

गेल्या रविवारी टोइंगच्या गाडीवर चढवून आणली. इंजिन जाम नाही, चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलली तर फिरतं. पेडल मारलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो. रंग पार गेलाय, टपावर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. ड्रायव्हरच्या मागच्या दाराला मोठा पोचा आहे.

बजेट दीड लाख, त्यावर एक रुपया नाही (हे बायकोचं वाक्य). डिसेंबरात मामा-मामींच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. त्या दिवशी दोघांना त्याच गाडीतून तलावपाळीला एक चक्कर मारून आणायची आहे. म्हणून माझ्या मनात होतं की आधी डेंटिंग-पेंटिंग उरकावं, मग सीट, मग उरलेल्या पैशांत मेकॅनिकल. पेंटरने सत्तर हजार सांगितलेत. क्रम बरोबर आहे का?

चोक_ओढा

अभिनंदन!! फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल.

डबलक्लच

पाचपाखाडीकर, क्रम बरोबर उलटा आहे. पण वाईट वाटून घेऊ नका, पहिल्यांदा घेणारा प्रत्येक जण रंगापासूनच सुरू करतो, मीही केला होता. १९९९ साली. रंग झाल्यावर तीन महिन्यांनी इंजिन उतरवायला लागलं आणि साखळी-पुलीने नव्या फेंडरवर अशी काही नक्षी काढली की बोलता सोय नाही.

माझा हिशोब सोपा आहे. गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे आणि पेटता कामा नये. मग ती गरम न होता चालली पाहिजे. दिसायची कशी हा प्रश्न त्यानंतर.

ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. तुमच्या मॉडेलचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) एकाच सर्किटचा असणार, म्हणजे चारांपैकी एका चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) गळला तरी ऑइल सगळीकडचं जातं आणि पेडल थेट तळाला. "ब्रेक लागल्यासारखा वाटतो" यावर जाऊ नका. एक करा: पेडल दाबा आणि तसंच धरून मनात तीसपर्यंत आकडे म्हणा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टरच्या आतले कप (रबरी सील) गेलेत. सहा वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढलेलं असतंच, त्यात आपली खाडीची हवा. आतून सिलिंडर गंजलेले निघतील हे धरून चाला. चारही ड्रम उघडा. आणि मिस्त्री रबराचे कप पेट्रोलने किंवा डिझेलने धुवायला लागला तर त्याचा हात धरा, ते रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच पुसायचे. ब्रेक शूची धूळ कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका, शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची.

मग टायर. बाजूला चार आकडी तारखेचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं.

मग पुढचा भाग. जॅकवर चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा). हे सगळं घरच्या पार्किंगमध्ये होतं, फुकट.

रंगाचा विचार पुढच्या वर्षी.

घोडबंदरी

+१. प्रतिसाद प्रिंट काढून गाडीच्या डॅशबोर्डात ठेवावा असा आहे.

वागळे_रोड_नं_१६

डबलक्लच काकांच्या बहुतेक मुद्द्यांना अनुमोदन, पण "रंग पुढच्या वर्षी" याला माझा विरोध. म्हणजे रंग थांबू दे, पत्रा थांबवू नका.

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीच चासी. फ्लोअर, दाराखालचे सिल, पाटे (मागच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकतात ती जागा, जॅक लावायचे पॉइंट, हे गंजले असतील तर नवे ब्रेक कशाला बसवणार? माझ्या ८२ च्या गाडीला जॅक लावला तर गाडी उचलली गेली नाही, जॅकच आत गेला. वरून रंग चकचकीत होता, आधीच्या मालकाने लांबी (पुट्टी) थापून मस्त काम केलेलं.

तर पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे मॅटिंग उचलून बघणे. नंतर फ्रिजवरचं लोहचुंबक घ्यायचं, त्याला कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ असं फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. खालून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, आवाज टण् आला तर पत्रा, भद् आला तर पैसे.

चोक_ओढा

"भद् आला तर पैसे" 😂 हे गाडीच्या मागे लिहून घ्या.

नेरुळची

एक बाळबोध प्रश्न. कागद कुठपर्यंत चालू आहेत? ब्रेक, टायर, पत्रा सगळं ठीक, पण गाडी रस्त्यावर काढता येते का आत्ता?

पाचपाखाडीकर

आरसी बुक आहे, मामांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय. इन्शुरन्स संपलाय, तो काढेन.

आज मॅटिंग उचललं. ड्रायव्हरच्या पायाखाली रुपयाएवढं भोक, त्यातून आमच्या पार्किंगच्या टाइल्स दिसतात. बाकी फ्लोअरला टण्. डिकीत स्टेपनीच्या खाली भद्. चुंबकाने मागच्या दोन्ही कमानींना नकार दिला.

नेरुळची

इन्शुरन्सबद्दल नाही विचारलं हो. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ८८ ची म्हणजे २००३, ०८, १३, १८, २३. गाडी सहा वर्षं उभी आहे म्हणता, मग २३ चं केलंय का कोणी?

पाचपाखाडीकर

नाही केलेलं. 😐

नेरुळची

मग तुमचा क्रम आरटीओच ठरवणार. ते गाडी बघतात. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, धूर. रंग उडालाय म्हणून कोणी परत पाठवत नाही, ब्रेक लाइट लागत नाही म्हणून पाठवतात. खर्चही धरून ठेवा. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकींना १०,००० केली. ग्रीन टॅक्स वेगळा, उशिराचा दंड वेगळा, नाव बदलायचं ते वेगळं. दीड लाखातले हे आधी बाजूला काढा. आमच्या वाशी आरटीओचा अनुभव चांगला होता, माणसं उतरून गाडीभोवती फिरत होती, एकाने सेल्फी काढला.

आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट, तीही लागेल. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आहे.

जुना_ठाणेकर

८८ ची म्हणजे एमएच यायच्या आधीची, तीन अक्षरी नंबराची! तो नंबर जपा. आमचा १९९३ मध्ये गाडी विकताना गेला, वडील दोन दिवस जेवले नाहीत असं आई सांगते. (ते एरवीही उपास करायचे, पण तरी.)

मुलुंड_चेकनाका

५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते ना? 'व्हीए' असलेली? ती घ्या की.

नेरुळची

मिळते, २०२१ च्या नियमांनी. वीस हजार फी आणि दहा वर्षं वैधता. पण ५० पूर्ण व्हायला यांना २०३८ उजाडेल. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेलाच बाहेर काढायची.

काळीपिवळी

पद्मिनी म्हटलं की मला टॅक्सीच आठवते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची एकही काळीपिवळी उरली नाही, शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली, २० वर्षं भरली आणि संपलं. त्या आठवड्यात मी मुद्दाम दादरला उतरून शोधत फिरलो, मिळाली नाही. मिळाली ती व्हॅगनार. मागच्या सीटवर बसल्यावर गुडघ्यांना हवा लागायची ती गाडी गेली हो.

कुर्ला_शिफ्ट

माझे वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते, बॉडी शॉपला. आम्ही कळव्याला राहायचो, पहाटेच्या गाडीने जायचे. ते म्हणत, लोक गाडी बुक करून इतकी वर्षं थांबतात की बुक करताना झालेला मुलगा गाडी घ्यायला शाळेच्या गणवेशात येतो. १९६४ ला ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, मग ७०च्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, तेच. वडिलांच्या मते गाडी कधीच बदलली नाही, फक्त बारसं पुन्हा पुन्हा होत राहिलं.

वागळे यांच्या पत्र्याच्या मुद्द्याला वडिलांतर्फे अनुमोदन. दाराच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती लोक रंगाने बुजवतात आणि मग दार आतून कुजतं. तार घालून मोकळी करा. फुकटातलं आणखी एक काम.

मॉडिफायर_ठाणे

सगळे एवढे का घाबरवताय? मी माझ्या पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एसी, पॉवर विंडो, सगळं टाकलं. दुसऱ्या गाडीचं इंजिनही बसतं. आत्ताच्या ट्रॅफिकमध्ये ओरिजिनल गाडी चालवणं म्हणजे शिक्षा आहे.

डबलक्लच

अल्टरनेटरला हरकत नाही. जुना डायनॅमो असेल तर घोडबंदरला रात्री, पावसात, वायपर आणि हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिलं की तो चार्ज करतच नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचंही ठीक, पण जुने सीबी पॉइंट आणि कंडेन्सर (आधीच्या इग्निशनचे भाग) डिकीत ठेवायचे, म्हणजे कुठे बंद पडली तर चांभाराच्या दुकानाबाहेरसुद्धा बदलता येतात.

डिस्कचं मात्र जपून. दुसऱ्या गाडीचा डिस्क, तिसऱ्या गाडीचा मास्टर आणि वेल्डिंगवाल्याने बनवलेला ब्रॅकेट, यावर मी माझ्या बहिणीला बसवणार नाही. नीट लायनर आणि बरोबर ॲडजस्ट केलेले चार ड्रम या वजनाच्या गाडीला पुरतात, फक्त पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सवय लागते. आणि इंजिन बदललं तर ते आरसीवर चढवून घ्यावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. तशीच फिरवली तर अपघातात इन्शुरन्सवाला पहिला तेच बघतो.

त्यापेक्षा तुमचे पैसे हेडलाइटच्या रिलेला घाला. या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतं, म्हणून दिवे पिवळे. जाड वायर आणि दोन रिले टाकले की तेच बल्ब पांढरे दिसतात. पाचशे-हजाराचं काम.

मॉडिफायर_ठाणे

माझा ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याने नाही, लेथवर बनवलाय. वागळे इस्टेटमध्ये. पण रिलेचं पटलं.

जुना_ठाणेकर

पद्मिनी आणि घाट म्हणजे ओलं फडकं! आम्ही नाशिकला जायचो तेव्हा कसाऱ्याला वडील बॉनेट उघडायचे, आई थर्मासचं पाणी रुमालावर ओतायची आणि तो रुमाल 'एसी पंपा'वर (म्हणजे पेट्रोलच्या पंपावर). पंप इंजिनला लागून, तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी हिचके देत बंद. दहा मिनिटं भजी, मग पुन्हा चालू. मला बरीच वर्षं वाटायचं की कसाऱ्याला भजी खायचीच म्हणून गाडी थांबते.

चोक_ओढा

आणि उतरल्यावर मामलेदारची मिसळ. धागा योग्य दिशेने चाललाय.

घोडबंदरी

तिखट की मध्यम, यावर वेगळा धागा काढा. इथे माणसाची गाडी पार्किंगमध्ये ताटकळतेय.

रसायन_तुर्भे

फडक्याचा विषय निघाला म्हणून. वर डबलक्लच "पेटता कामा नये" म्हणाले आणि तो मुद्दा तिथेच राहिला.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ८८ च्या रबराला हे माहीतच नव्हतं. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा होज, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट, सगळं त्याने हळूहळू मऊ पडतं किंवा तडकतं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर चोंदतो. आणि ते पाणी ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते.

होज काढून अंगठ्याभोवती वाकवा. बाहेरून काळा कुळकुळीत दिसणारा होज वाकवला की आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात. तो होज आणि त्याच्याखाली तापलेला एक्झॉस्ट, एवढंच अंतर. इथेनॉल सोसणारा होज मागून घ्या, साधा पाण्याचा पाइप नको, आणि क्लॅम्प नवे. सगळं मिळून हजार-दीड हजाराच्या आत. सीटच्या खाली छोटं अग्निशामक ठेवा.

जुनं पेट्रोल टाकीतून काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. पहिल्यांदा बाटलीतून ताजं पेट्रोल थेट पंपाला द्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या.

मुलुंड_चेकनाका

लेडवाल्या पेट्रोलचं काय? जुन्या इंजिनांना लेड लागायचं ना, व्हॉल्व्ह सीट खराब होतात म्हणे.

रसायन_तुर्भे

लेड २००० साली बंद झालं. मामांनी त्यानंतर वीस वर्षं चालवली. जे व्हायचं ते झालं असेल. तलावपाळीच्या चक्करीला काही होत नाही.

पाचपाखाडीकर (पुढचा रविवार, दुपारी ४:०५)

आठवडाभर लिहिलं नाही कारण हात काळे होते.

वागळेतल्या एका मिस्त्रींना घरीच बोलावलं. साठीचे आहेत, तरुणपणी टॅक्सीच करायचे. त्यांनी गाडीकडे बघायच्या आधी मला विचारलं, "चालवायची आहे की दाखवायची?" मी म्हणालो दोन्ही. ते म्हणाले, "मग आधी चालवू."

पेडल धरून तीसपर्यंत मोजायला घेतलं. बाराला तळाला.

पुढचा उजवा ड्रम निघेना. मागून लाकूड लावून ठोकत ठोकत पाऊण तासाने निघाला. आत व्हील सिलिंडरच्या एका बाजूचा पिस्टन गंजून भिंतीला चिकटलेला, दुसऱ्या बाजूने ऑइल पाझरून शूवर आलेलं. लायनर बोटाने चेपलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. म्हणजे त्या चाकाला ब्रेक नव्हताच, आणि मी येताना टोइंगवाल्याला म्हणत होतो की दोन किलोमीटर तर आहे, चालवतच नेऊ का.

होज वाकवला. तो वाकलाच नाही, तुटला.

टायरवर शिक्का ३२११. म्हणजे २०११ चा बत्तिसावा आठवडा. मिस्त्री म्हणाले, "पोराच्या झोपाळ्याला लावा."

खेळाचं बघितलं. डावीकडे ब्रेक दाबूनही खेळ राहतो, म्हणजे किंगपिन. उजवीकडे ठीक.

डबलक्लच

टोइंगवाल्याला पेढे द्या.

चारही सिलिंडर नवेच घ्या, किट (नुसती आतली रबरं) घालत बसू नका, गंजलेल्या भिंतीवर नवा कप महिनाभर टिकतो. मास्टर नवा. सगळे लवचिक होज नवे. लोखंडी नळ्या आतून कशा आहेत बघा. ऑपेरा हाऊसला मिळेल, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पण ब्रेकचं काहीही जुन्या बाजारातून नको. ट्रिम, काचा, हँडल तिथून खुशाल घ्या.

वागळे_रोड_नं_१६

मी थोडी माघार घेतो. रुपयाएवढं भोक आणि डिकी, हे कमानींच्या मानाने काही नाही. पायाखालचा पत्रा आणि सिल वेल्डिंग करून घ्या, वर प्रायमर मारा, रंग नको. ठिगळ दिसू द्या. कमानी पावसाआधी. पण वेल्डिंग होताना बॅटरीची वायर काढलेली असू दे आणि टाकी खाली उतरवलेली असू दे, समोर उभं राहून बघा.

नेरुळची

आणि डिसेंबरच्या आत आरटीओ. तारीख घेऊन ठेवा.

पाचपाखाडीकर

हिशोब मांडला. आरटीओ, इन्शुरन्स, ब्रेक, पाच टायर, किंगपिन, पेट्रोलची लाइन, रेडिएटर साफ करून नवे होज, फ्लोअरचं वेल्डिंग, वायरिंगची डागडुजी आणि रिले. शेवटी उरतात अंदाजे अठरा हजार. सत्तर हजारांचा रंग गेला.

मामांना फोन केला, म्हटलं लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गाडी येईल पण कळाहीन येईल. मामा म्हणाले, "येऊ दे. तो दाराचा पोचा मात्र काढू नकोस, तुझी मामी गाडी शिकत होती तेव्हाचा आहे. ९१ साल. राम मारुती रोडचा विजेचा खांब."

पाच मिनिटांनी मामीचा वेगळा फोन. "त्या अठरा हजारांत आधी तो पोचा काढ. पस्तीस वर्षं हा माणूस आल्यागेल्याला तो दाखवतोय."

चोक_ओढा

😂😂😂 मंडळी, धाग्याचा मूळ प्रश्न आता खऱ्या अर्थाने उभा राहिला आहे. पोचा आधी की ब्रेक आधी?

कुर्ला_शिफ्ट

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मागच्या दाराचा पोचा आतून हातानेच बाहेर येतो, ट्रिमचा पुठ्ठा काढायचा आणि लाकडी हातोडीने हळू ठोकायचं. लांबी लागत नाही. पण कोणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा, ते म्हणाले मी त्यात पडत नाही.

डबलक्लच

पोचा थांबत नाही, वळत नाही, पेटत नाही. यादीत शेवटी.

पाचपाखाडीकर

ब्रेकचे सुटे भाग शुक्रवारी ऑपेरा हाऊसहून आणले. काल चारही चाकं बसली, ऑइल भरलं, हवा काढली. मुलगी पेडल मारत होती, मी खाली आडवा, मिस्त्री "मार… धर… सोड" करत होते. मग धरून मोजलं. तीस झाले, साठ झाले, मुलगी म्हणाली, "बाबा, पाय दुखला."

मंगळवारी वेल्डिंगला जातेय, टोइंगवरच. मामीला सांगितलंय की पोच्याचं काम "यादीत आहे".